सामन्याआधीची वीस मिनिटं

अमेरिकेतल्या शालेय बास्केटबॉलमध्ये अधूनमधून एक चमत्कारिक प्रकार पाहायला मिळतो. संघ मैदानात उतरलेले असतात, घड्याळ सुरू व्हायचं असतं, जंप बॉलसाठी कुणी उडीही मारलेली नसते, आणि एक मुलगा एकटाच फ्री थ्रोच्या रेषेवर जाऊन उभा राहतो. दोन्ही नेम साधले की फलकावर 2-0. प्रतिस्पर्धी संघाने ना कुणाला धक्का दिलेला असतो, ना पंचांना उलट उत्तर. त्यांच्या प्रशिक्षकाने गुणलेखकाला यादी देताना एका पोराचा क्रमांक 32 ऐवजी 23 लिहिलेला असतो, इतकंच. शिक्षा एवढ्यावर थांबत नाही. फ्री थ्रोनंतर चेंडूही समोरच्याच संघाला मिळतो आणि ज्या उडीने खेळ सुरू व्हायचा, ती उडी त्या दिवशी होतच नाही.

तिथल्या शाळांसाठी नियम करणारा राष्ट्रीय महासंघ म्हणजे एनएफएचएस. त्याचं म्हणणं असं की सामन्याच्या ठरलेल्या वेळेआधी किमान 10 मिनिटं प्रत्येक संघाने सगळ्या खेळाडूंची नावं, क्रमांक आणि सुरुवातीला उतरणारे पाच जण गुणलेखकाला कळवायचे. ती वेळ उलटल्यावर यादीत नाव वाढवावं लागलं किंवा क्रमांक बदलावा लागला, की टेक्निकल फाऊल. आता समजा, त्याच सामन्याआधी त्याच पंचांकडे समोरचा प्रशिक्षक आला आणि म्हणाला, ‘तो बारा नंबरचा मुलगा वयात बसत नाही, माझ्याकडे पुरावा आहे.’ पंच काय करतील? काहीही नाही. मुलगा पात्र आहे की नाही हे त्याची शाळा आणि त्या राज्याची क्रीडा संघटना ठरवते. पंच ऐकून घेतील, फार तर वर कळवतील, आणि सामना खेळवतील.

म्हणजे आकडा चुकला तर जागच्या जागी दोन गुणांची शिक्षा, आणि माणूसच चुकीचा असला तर पंचांचे हात बांधलेले. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हे उफराटं वाटतं. माझं मत असं आहे की यातला दुसरा भाग शहाणपणाचा आहे आणि पहिला नाही. सामन्याआधी पंचाने दुरुस्त करावं, नोंदवावं, आणि निवाडा शक्य तितका कमी करावा. ही पळवाट वाटेल, पण न्यायाच्या दृष्टीने तिच्यामागे भक्कम कारण आहे.

आपल्याकडे फिबाचे, म्हणजे आंतरराष्ट्रीय महासंघाचे नियम चालतात. त्यांनी ही विभागणी फार नेटकी केली आहे. खेळाडू एखाद्या संघाकडून खेळायला पात्र आहे का, हा प्रश्न नियमपुस्तकाने वयोमर्यादेसकट स्पर्धेच्या आयोजकांकडे सोपवला आहे. मग वेगळं कलम येतं: सामना सुरू होण्याआधी ज्याचं नाव गुणपत्रकात आहे, ज्याला बाहेर काढलेलं नाही आणि ज्याचे 5 फाऊल भरलेले नाहीत, त्याला खेळता येतं. पहिल्या प्रश्नाचं उत्तर कचेरीत मिळतं, दुसऱ्याचं गुणलेखकाच्या टेबलावर. पंचाचा संबंध दुसऱ्याशी. रेल्वेतला टीसी तिकीट तपासतो; त्या माणसाला कोट्यातून आरक्षण मिळायला हवं होतं की नको, याचा खल तो डब्यात उभा राहून करत नाही.

फिबाच्या पंचांचा अधिकार सामन्याच्या 20 मिनिटं आधी, मैदानावर पाऊल ठेवल्यापासून सुरू होतो. या वेळात त्यांनी काय करायचं? चेंडू, रिंग, जाळी, घड्याळं पाहायची. कुणाच्या कानात डूल आहे, कुणाच्या हातात कडं आहे, कुणाची नखं वाढली आहेत, कुणी जर्सीखाली टी-शर्ट घातलाय, हे बघायचं आणि ते दूर करायला सांगायचं. गुणपत्रकावरची नावं-क्रमांक दोन्ही प्रशिक्षकांनी 10 मिनिटं आधी सही करून कायम केले आहेत ना, याची खात्री करायची. सामना सुरू होण्याआधी एखादा क्रमांक चुकलेला आढळला तर दुरुस्त करायचा. एखादं नाव राहून गेलं असेल तर लिहून घ्यायचं. दंड नाही. खेळ सुरू झाल्यावर मात्र क्रमांक दुरुस्त होतो, पण नाव वाढवता येत नाही. जर्सी घालून बाकावर बसलेलं एखादं पोर, केवळ सर त्याचं नाव लिहायला विसरले म्हणून, अख्खा सामना बसून राहतं. हेही निष्ठुरच. पण या निष्ठुरपणाला कारण आहे: यादी कुठेतरी बंद व्हायलाच हवी, नाहीतर समोरच्याचा खेळ बघून माणूस आत घ्यायची सोय होईल. 32 च्या जागी 23 लिहून मात्र कुणाचाच काही फायदा होत नाही. ज्या चुकीतून लाभ नाही, तिला गुणांची शिक्षा कशासाठी?

अमेरिकन बाजूचंही एक म्हणणं आहे, आणि ते फेकून देण्यासारखं नाही. क्रमांक चुकला की फाऊल भलत्याच्या नावावर चढतात, आणि बास्केटबॉलमध्ये फाऊलची बेरीज म्हणजे मैदानावर राहण्याचा परवाना. टेबलावरची एक चुकलेली रेघ किती महाग पडते, हे एनबीएने एकदा दाखवून दिलं आहे. 19 डिसेंबर 2007 रोजी अटलांटा हॉक्स आणि मायामी हीट यांचा सामना जादा वेळेत गेला. 51.9 सेकंद उरलेले असताना टेबलाने सांगितलं की शकील ओनीलचा सहावा फाऊल झाला. तिथे सहा फाऊलनंतर खेळाडू बाद होतो. पंचांनी टेबलावर विश्वास ठेवला आणि ओनील बाहेर गेला. प्रत्यक्षात तो पाचवा होता. मायामीने तक्रार केली, लीगने ती मान्य केली, टेबल सांभाळणाऱ्या यजमान अटलांटाला 50,000 डॉलर दंड झाला आणि ते 51.9 सेकंद पुन्हा खेळवायचं ठरलं. ते खेळले गेले 8 मार्च 2008 रोजी. तोवर ओनील फिनिक्सच्या संघात गेला होता! ज्याच्यावर अन्याय झाला म्हणून पुन्हा खेळायचं, तो माणूसच तिथे नव्हता. त्या 51.9 सेकंदांत एकही गुण झाला नाही आणि निकाल होता तोच राहिला.

या प्रसंगातून मी दोन गोष्टी घेतो. एक, कागदी चूक गंभीर असू शकते, हे खरं. पण दंड झाला तो कागद सांभाळणाऱ्याला, पैशात. खेळाडूंच्या गुणांतून नव्हे. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. एखाद्याला चुकून बाहेर काढलं, तर ती चूक भरून काढण्याचा कुठलाही उपाय खरा उपाय नसतो. बास्केटबॉलमधली सर्वात श्रीमंत लीग, कायदेतज्ज्ञ, चित्रीकरण, सगळं हाताशी असूनही भरपाई म्हणून जे मिळालं ते जवळजवळ प्रहसन होतं.

इथेच माझ्या म्हणण्याचा गाभा आहे. सामन्याआधी पंचाच्या हातून दोन प्रकारच्या चुका होऊ शकतात. अपात्र खेळाडूला खेळू दिलं, ही एक. पात्र खेळाडूला बसवलं, ही दुसरी. पहिली चूक नंतर निस्तरता येते: निकाल रद्द होतो, गुण काढून घेतले जातात, पदक परत मागवलं जातं. दुसरी निस्तरता येत नाही. चौदा वर्षांच्या मुलीला तिची जिल्ह्याची अंतिम लढत पुढच्या महिन्यात परत देता येत नाही. दोन चुकांपैकी एकच परतवण्याजोगी असेल आणि खरं-खोटं तपासायला हाताशी वीसच मिनिटं असतील, तर शंकेचा फायदा खेळाडूला द्यावा, हे कुठल्याही न्यायपद्धतीत बसणारं आहे.

फिबाने हे नियमातच धरलं आहे. पंचाच्या फाऊल देण्या-न देण्यावर संघाला रीतसर तक्रार करता येत नाही. ज्या मोजक्या कारणांसाठी करता येते त्यांत पात्रतेच्या नियमांचा भंग हे एक कारण स्पष्ट लिहिलं आहे. सामना संपल्यापासून 15 मिनिटांच्या आत कर्णधाराने गुणपत्रकावरच्या ठरलेल्या चौकटीत सही करायची आणि तासाभरात लेखी तक्रार द्यायची. तिचा निकाल पंच देत नाहीत. शिवाय मुदत आखडती ठेवल्यामुळे हरल्यानंतर तीन दिवसांनी जन्मदाखले शोधत हिंडण्यालाही आळा बसतो.

जेम्स नेस्मिथने 1891 च्या डिसेंबरात स्प्रिंगफील्डला खेळ सुरू केला तेव्हाच्या तेरा नियमांतही पंचांची कामं वाटून दिली होती, हे जाता जाता सांगायला हवं. एका पंचाने माणसांकडे बघायचं, दुसऱ्याने चेंडूकडे. माणसांकडे बघणाऱ्याला खेळाडूला बाद करायचा अधिकार होता, पण तो त्याने मैदानात काय केलं यावरून. तो कोण आहे, कुठून आला, किती वर्षांचा, याची चौकशी त्या तेरा नियमांत कुठेच नाही.

आता यावर एक जोरदार आक्षेप घेता येईल तो सिडनीचा. 2000 सालच्या पॅरालिम्पिकमध्ये बौद्धिक अक्षमता असलेल्या खेळाडूंच्या बास्केटबॉलमध्ये स्पेनने सुवर्णपदक जिंकलं. त्या संघात कार्लोस रिबागोर्दा नावाचा एक पत्रकार होता. परत आल्यावर त्याने जाहीर केलं की त्याला स्वतःला कोणतीही अक्षमता नाही, आणि संघातल्या बहुतेकांनाही नाही. चौकशीत 12 पैकी 10 जण अपात्र ठरले. पदक गेलं. त्या वर्गवारीतले खेळच पॅरालिम्पिकमधून काढून टाकले गेले आणि ते परतले थेट 2012 च्या लंडनमध्ये. स्पेनमधल्या संबंधित महासंघाचा तेव्हाचा प्रमुख 2013 मध्ये दोषी ठरला. म्हणजे दहा जणांच्या लबाडीपायी जगभरातल्या खऱ्याखुऱ्या खेळाडूंची बारा वर्षं गेली. मग निस्तरता येते ती कुठली चूक?

आक्षेप खरा आहे आणि तो टोचतो. पण त्या अंतिम सामन्याच्या पंचाच्या जागी उभं राहून बघू. त्याने काय करायला हवं होतं? समोर बारा माणसं सराव करताहेत, चेंडू छान खेळवताहेत. त्यांतल्या कुणाची बुद्धी किती चालते हे चालण्या-धावण्यावरून ठरवायचं? तसा प्रयत्न त्याने केला असता, तर नेमका जो खरा पात्र आणि कौशल्याने खेळणारा होता त्यालाच बसवलं असतं. सिडनीचा घोटाळा टेबलावर झाला नव्हता. तो झाला होता कित्येक महिने आधी, जिथे प्रमाणपत्रं तयार होतात तिथे, आणि तिथली तपासणी ढिली होती. कचेरीच्या ढिलाईचं ओझं शिट्टी वाजवणाऱ्याच्या गळ्यात टाकून भागत नाही.

वयाचं तसंच आहे. 2016 मध्ये कॅनडातल्या विंडसर शहरात एका शाळेच्या संघातला सहा फूट नऊ इंच उंचीचा, दक्षिण सुदानहून आलेला खेळाडू सतराचा नसून एकोणतिसाचा असल्याचा संशय सरकारी यंत्रणेला आला. कशावरून? अमेरिकेच्या व्हिसासाठी दिलेले बोटांचे ठसे जुन्या अर्जाशी जुळले म्हणून. आपलं खरं वय आपल्यालाच नक्की ठाऊक नाही, असं तो चौकशीत म्हणाला. त्याच्या सामन्यांना उभ्या असलेल्या पंचांना काय दिसलं असेल? एक उंच मुलगा. बास्केटबॉलमध्ये उंच मुलगा दिसला म्हणून शंका घ्यायची तर खेळच बंद करावा लागेल. मनगटाच्या एक्स-रेवरून हाडांचं वय काढणारे डॉक्टरही महिन्यांचा फरक गृहीत धरतात, तिथे मिसरूड बघून निकाल देणाऱ्या पंचाची काय कथा?

आतापर्यंत मी पंचाने काय करू नये तेच सांगत आलो. पण सामन्याआधीच्या उल्लंघनांत एक असं आहे जे पंचाच्या डोळ्यांसमोर असतं, ज्याला कागद लागत नाही आणि ज्याचा निर्णय नियमानेच पंचावर टाकलेला आहे: अंगावरचे कपडे आणि वस्तू. माझा सिद्धांत सगळ्यात जास्त अडखळतो तो इथे.

जुलै 2014. चीनमधल्या वुहान शहरात फिबा आशिया चषकाची स्पर्धा. भारताचा जपानशी सामना सुरू होण्याआधी अमृतपालसिंग आणि अमज्योतसिंग या दोन शीख खेळाडूंना सांगण्यात आलं की पगडी काढा, नाहीतर खेळता येणार नाही. नियमपुस्तकात तेव्हा लिहिलेलं होतं की दुसऱ्याला इजा होईल अशी वस्तू अंगावर नको, आणि त्या यादीत डोक्यावरचं आच्छादन होतं. दोघांनी पगड्या उतरवल्या आणि ते खेळले. (त्याच स्पर्धेत भारताने चीनला त्यांच्या घरी 65-58 असं हरवलं. भारतीय बास्केटबॉलच्या इतिहासातला तो मोठा दिवस. पण त्या स्पर्धेचं नाव काढलं की आठवते ती पगडीच.) दोन महिन्यांनी, सप्टेंबरात, दक्षिण कोरियातल्या इंचॉन आशियाई खेळांत कतारच्या मुलींना मंगोलियाविरुद्धच्या सामन्याआधी हिजाब काढायला सांगितलं गेलं. त्यांनी नकार दिला, सामना सोडला आणि मग स्पर्धेतूनच माघार घेतली.

पंचांनी नियम पाळला, यात वाद नाही. इजा होणार नाही हे बघणं त्यांचंच काम. अंगठीने समोरच्याचा गाल फाटू शकतो, साखळीत बोट अडकू शकतं. हे दिसतं, कळतं, आणि काढून ठेवायला दोन मिनिटं पुरतात. पण घट्ट बांधलेल्या कापडाने कुणाला काय इजा होते? याचं उत्तर त्या नियमापाशी नव्हतं. म्हणून सुरक्षिततेच्या कलमातून पुढे आलेला प्रश्न प्रत्यक्षात पात्रतेचाच निघाला: या डोक्यावरच्या कापडासह हा माणूस आमच्या खेळात बसतो का? आणि असा प्रश्न वीस मिनिटांत, मैदानाच्या कडेला, दोन-तीन पंचांनी सोडवायचा नसतो.

मग डोळेझाक करायची का? पुष्कळ पंच तेच करत आले होते. वुहानच्या आधी हे दोघे पगडी घालून आंतरराष्ट्रीय सामने खेळले होते आणि कुणी हटकलं नव्हतं. अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात मार्च 2017 मध्ये हाच प्रकार अधिक क्रूर पद्धतीने घडला. वॉटकिन्स मिल हायस्कूलची एक मुलगी हिजाब घालून मोसमातले 24 सामने संघात होती. विभागीय अंतिम सामन्याआधी पंचांनी प्रशिक्षकांना सांगितलं की धार्मिक कारणासाठी डोकं झाकायचं तर राज्य संघटनेचं लेखी संमतिपत्र हवं. तेव्हा नियम तसाच होता. पत्र नव्हतं. मुलगी पूर्ण सामना बाकावर बसून राहिली, आणि का ते तिला सामना संपल्यावर कळलं. पत्र मागितलं असतं तर मिळण्यासारखं होतं. पण 24 सामन्यांत एकालाही वाटलं नाही की ‘बाळ, खेळ तू, फक्त हे पत्र पुढच्या वेळी आण’ असं सांगावं.

त्या दिवशी नियम दाखवणाऱ्या पंचावर सगळे तुटून पडले. माझा रोष मात्र आधीच्या 24 सामन्यांवर जास्त आहे. डोळेझाक करणाऱ्याला आपण उदार झाल्यासारखं वाटतं, पण तो खेळाडूच्या डोक्यावर टांगती तलवार ठेवून जातो. ती पडते कधी, तर सामना मोठा असतो आणि पंच काटेकोर असतो तेव्हा. वुहानच्या आधीच्या कुणा पंचाने ‘खेळा’ म्हटलं असतं आणि सामन्यानंतर गुणपत्रकासोबत दोन ओळी धाडल्या असत्या, की अमुक कलम शीख खेळाडूंना लागू करणं मला योग्य वाटत नाही, त्यातून इजेचा संभव दिसत नाही, तर तो प्रश्न जिथे सुटायला हवा तिथे आधीच पोचला असता. शेवटी तो तिथेच सुटला. फिबाने 2014 च्या सप्टेंबरात तात्पुरती सूट दिली, आणि 2017 च्या मे महिन्यात हाँगकाँगला भरलेल्या महासभेने नियम बदलला. तो 1 ऑक्टोबर 2017 पासून लागू झाला. नवा नियम वाचण्यासारखा आहे. आच्छादन काळं, पांढरं किंवा जर्सीच्या मुख्य रंगाचं असावं, संघात सगळ्यांचं एकाच रंगाचं असावं, चेहरा झाकलेला नसावा, चेहऱ्याभोवती किंवा गळ्याशी उघडमिट करण्याजोगं काही नसावं, बाहेर आलेला भाग नसावा. सगळ्या गोष्टी डोळ्यांना दिसणाऱ्या, वीस मिनिटांत तपासून होणाऱ्या. पंचाच्या हातात द्यायचा नियम असाच असावा लागतो.

दुरुस्ती आणि नोंद यांच्या पलीकडे पंचाच्या हाती आणखी एक हत्यार असतं, वेळेचं, आणि चांगले पंच ते सर्वात आधी वापरतात. अमेरिकेतले अनुभवी पंच दहा मिनिटांची मुदत संपायच्या आधीच गुणलेखकाची वही मागून घेतात आणि दोन्ही प्रशिक्षकांना म्हणतात, ‘एकदा आकडे बघून घ्या.’ बारा मिनिटं उरली असताना सापडलेली चूक फुकटात सुटते. नऊ उरली असताना सापडली तर दोन फ्री थ्रो. तिथे सरावात डंक मारायलाही बंदी आहे. पंच मैदानावर आल्यानंतर कुणी रिंगेत चेंडू आपटला की टेक्निकल, आणि त्याचा शेक प्रशिक्षकालाही बसतो: उभं राहून सूचना देण्याची मुभा जाते. पंचांनी किमान 15 मिनिटं आधी यायचं आणि अधिकार आल्यापासूनच, असा नियम असल्यामुळे काहीजण नेमकी पंधरा मिनिटं उरली की दारातून आत येतात, एक क्षण आधी नाही. पोरांची हौस फिटू दे, मग आम्ही येतो. मला हे लबाडीचं वाटत नाही. कॉलेजच्या पुरुषांच्या सामन्यांत 2015-16 पासून सरावातला डंक चालतो. शाळांचं नियमपुस्तक अजून तिथवर आलेलं नाही आणि तोवर पंचांनी आपला मार्ग काढला आहे.

क्रमांकांची तर गंमतच आहे. शाळांत 6 ते 9 हे आकडे जर्सीवर चालत नाहीत, कारण पंच फाऊल करणाऱ्याचा क्रमांक टेबलाला बोटांनी दाखवतो आणि एका हाताला पाचच बोटं. फिबाकडेही 2014 पर्यंत 4 ते 15 एवढेच क्रमांक होते. पंचाच्या बोटांसाठी खेळाडूची जर्सी ठरते आणि मग त्या जर्सीवरून त्याच खेळाडूच्या संघाला दंड होतो. नियम कुणाच्या सोयीसाठी जन्मला हे विसरलं की असं होतं.

आपल्याकडे येऊ. महाराष्ट्रात शालेय स्पर्धा 14, 17 आणि 19 वर्षांखालील गटांत होतात. जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्या. खेळाडूकडे फोटो चिकटवलेलं, मुख्याध्यापकांची सही-शिक्का असलेलं ओळखपत्र असतं. यावर पुष्कळ काही अवलंबून आहे: दहावी-बारावीला सवलतीचे क्रीडा गुण, पुढे सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी 5 टक्के आरक्षण. त्यामुळे वय चोरण्याचा मोह मोठा, आणि समोरच्या संघावर वय चोरल्याचा आरोप करण्याचा मोह त्याहून मोठा. केंद्राने वयचोरीविरुद्ध राष्ट्रीय संहिता 2010 मध्येच आणली. पण संहिता दिल्लीत असते आणि भांडण टेबलाशी.

इथे माझ्या म्हणण्यावरचा दुसरा आक्षेप येतो, आणि तो मला सिडनीपेक्षा अवघड वाटतो. आपल्या जिल्हा स्पर्धा बाद पद्धतीच्या, एक-दोन दिवसांत उरकणाऱ्या. सकाळी हरलेला संघ दुपारी घरी निघालेला असतो. ‘नंतर निकाल रद्द होईल’ याला अर्थ काय? संध्याकाळी अपात्र ठरलेल्या संघाने तोवर आणखी दोन संघांना घरी पाठवलेलं असतं. परतवण्याजोगी म्हणून मी जिचं समर्थन करतोय ती चूक इथे परतवण्याजोगी राहत नाही. म्हणून आपले पंच दडपणाखाली येतात. प्रशिक्षक ओरडतात, पालक कडेला जमतात, कुणीतरी मोबाइलवर कुणाचा तरी दाखला दाखवतं, आणि पंच वैतागून म्हणतो, ‘त्याला बसवा आणि सुरू करा.’ शिक्षा झाली, सुनावणी न होता.

यावर पंचाला अधिक अधिकार द्या, असा एक सूर असतो. मी त्याच्या विरोधात आहे, कारण आपल्याकडे पंच बहुतेकदा त्याच जिल्ह्यातला क्रीडाशिक्षक असतो. सकाळी त्याचा स्वतःचा संघ खेळलेला असतो, दुपारी तो पंच असतो, आणि आयोजनाच्या समितीतही त्याचं नाव असतं. अशा माणसाच्या हातात कुणाचं वय खरं हे ठरवायची ताकद देणं त्याच्यावरही अन्याय आहे. बाद पद्धतीत नंतरला अर्थ उरत नसेल तर आधीला अर्थ यायला हवा. सगळ्या संघांच्या याद्या जन्मतारखांसह आदल्या संध्याकाळी फलकावर लावा. ज्याला हरकत असेल त्याने रात्रीपर्यंत अनामत भरून लेखी द्यावी. खरी निघाली तर अनामत परत. सकाळी पहिल्या सामन्याआधी ज्यांचा संघ स्पर्धेत नाही अशा तिघांनी कागद बघून निर्णय द्यावा. त्यानंतर टेबलाशी आलेली हरकत पंचाने फक्त लिहून घ्यावी, वेळ टाकावी, सही घ्यावी आणि सामना सुरू करावा. याला पैसा लागत नाही. एक दिवस आधी कामाला लागावं लागतं, आणि आपल्या स्पर्धांत नेमका तोच एक दिवस कधी नसतो.

आणि पंचाने पाठवलेल्या अहवालाला लेखी उत्तर मिळायला हवं, एका ओळीचं का असेना. अधिकृत कागद वर गेला आणि त्याचं काही झालं नाही, असा अनुभव दोनदा आला की तिसऱ्यांदा पंच लिहीत नाही. तो टेबलाशी उभा राहून, समोरच्या पोराकडे बघून, त्याच्या मनाला येईल तो निकाल देऊन मोकळा होतो, आणि मग त्याला दोष द्यायला आपल्यापाशी फारसं काही राहत नाही.